टर्बोच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर कुठे? आधी, नंतर, की कुठेच नाही?

धानोऱ्याहून बोलतोय. मागे थोडा पावसाचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या. आजचा विषय एकाच प्रश्नाचा आहे, पण प्रश्न असा आहे की उत्तर चुकलं तर इंजिन जातं.

आपल्याच तालुक्यातल्या एका मित्राने व्हॉइस मेसेज पाठवलाय. त्याने सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली. आता त्याला रिमॅप करायचं आहे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला हिशेब बदलून ताकद वाढवायची आहे. शहरातल्या एका ट्यूनरने त्याला सांगितलं, "वाइडबँड सेन्सर लावावा लागेल, पाइपला भोक पाडून बंग वेल्ड करू." बंग म्हणजे सेन्सर ज्यात आवळतात ती आटे असलेली लोखंडी बांगडी. हा विचारतो, "भाऊ, भोक टर्बोच्या आधी पाडायचं का नंतर? एक जण म्हणते आधी, एक जण म्हणते नंतर. काहून?"

उत्तर आधीच देतो, मग कारण. टर्बोच्या नंतर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. आणि भाऊ, तुझ्या गाडीत बहुतेक तिथे कंपनीचा सेन्सर आधीपासून बसलेला आहे. त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी हा भाग पूर्ण ऐक.

हा सेन्सर करतो काय ते आधी पाहू. धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजतो, बस. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशेबाने १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. बरोबर तेवढी हवा असेल तर त्याला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की लॅम्डा १ च्या वर जातो, ते मिश्रण लीन. पेट्रोल जास्त झालं की १ च्या खाली, ते रिच. आपल्याकडे मिस्त्री लोक 'मिक्श्चर पातळ' आणि 'मिक्श्चर जाड' म्हणतात, तेच हे. सेन्सरच्या आत झिर्कोनिया नावाची चिनी मातीसारखी सिरॅमिक असते. ती तापली की एका बाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा ऑक्सिजन यातला फरक विजेच्या रूपात दाखवते. बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ मध्ये उत्पादनात आणला, आणि तो पहिल्यांदा बसला कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या गाड्यांना. तिथले धुराचे नियम कडक होते म्हणून. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि तो तुमच्या-माझ्या मोटारसायकलपर्यंत पोचला. खाली वाकून पाहा, इंजिनमधून निघणाऱ्या बेंड पाइपला एक वायर लावलेला बोल्टसारखा तुकडा दिसेल. तोच.

याचे दोन प्रकार. साधा नॅरोबँड फक्त एवढंच सांगतो की मिश्रण १ च्या वर आहे की खाली. वाइडबँड नेमका आकडा देतो, ०.८२, ०.९५, १.१०, जो असेल तो. ट्यूनिंगला वाइडबँडच लागतो. कारण टर्बो पूर्ण जोरात असताना इंजिन लॅम्डा १ वर चालवत नाहीत. थोडं जास्तीचं पेट्रोल देतात, म्हणजे सिलिंडरच्या आतली उष्णता आटोक्यात राहते. ०.८० ते ०.९० च्या आसपास. हा आकडा किती ठेवायचा, यावर पिस्टनचं आयुष्य अवलंबून असतं.

आता टर्बो मध्ये आणा. इंजिनमधून निघालेला धूर टर्बाइनचं चाक फिरवतो, ते चाक दुसऱ्या बाजूचं चाक फिरवतं आणि ते इंजिनमध्ये हवा कोंबतं. म्हणजे धुराच्या वाटेत टर्बाइन हे धरणाच्या दरवाजासारखं बसलंय. दरवाजाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खालच्या बाजूला मोकळं वाहतं. टर्बोच्या आधी धुराचा दाब जास्त, नंतर जवळपास बाहेरच्या हवेइतका. साधा वाटणारा हा फरक सगळा खेळ बिघडवतो.

कारण वाइडबँड सेन्सरचा आकडा दाबाबरोबर फुगतो. दाब वाढला की लीन मिश्रण आणखी लीन दिसतं आणि रिच मिश्रण आणखी रिच दिसतं. फक्त बरोबर लॅम्डा १ वर फरक पडत नाही. म्हणून गंमत अशी होते की गाडी सावकाश चालवताना सगळं ठीक दिसतं. आकडा १ च्या आसपास, टर्बो झोपलेला. तुम्ही म्हणता, पाहा, आधी लावला तरी चालतोय की! आणि ज्या क्षणी टर्बो भरतो, ज्या क्षणासाठी हा सेन्सर लावला, त्याच क्षणी तो खोटं बोलतो.

खोटं कोणत्या दिशेने, तेही नीट समजून घ्या. समजा खरा लॅम्डा ०.८० आहे. टर्बोच्या आधी बसलेला सेन्सर दाखवतो ०.७६. ट्यूनर स्क्रीनवर पाहतो आणि म्हणतो, अरे, फारच जाड झालंय, पेट्रोल कमी करू. तो कमी करतो. स्क्रीनवर ०.८० आल्यावर समाधानाने लॅपटॉप मिटतो. प्रत्यक्षात इंजिन ०.८३-०.८४ वर चाललंय. म्हणजे जेवढं ठरवलं त्यापेक्षा पातळ आणि जास्त गरम, आणि तेही पूर्ण दाबावर. त्यात मे महिना, चंद्रपूरकडे जाणारा रस्ता, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आणि एसी चालू. इंजिनमध्ये नॉकिंग सुरू होतं, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या शिस्तीत जळण्याऐवजी स्वतःच भडकतं. पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते किंवा माथा वितळतो. गाडीने इशारा दिला नाही असं मालक म्हणतो. इशारा देणाऱ्यालाच चुकीच्या जागी बसवलं होतं.

अशी एक उघडलेली गाडी मी पाहिली आहे. मॅनिफोल्डवर, टर्बोच्या चार बोटं आधी, स्वच्छ टिग वेल्डिंग केलेला बंग. वेल्डिंग इतकं सुंदर की फोटो काढावा. आणि आत तीनपैकी एका पिस्टनची कड गेलेली. मालकाला अजूनही वाटतं की पेट्रोल भेसळीचं होतं. असेलही थोडं. पण तो ट्यून ज्या आकड्यावर बसवला होता तो आकडाच खरा नव्हता.

दुसरं कारण उष्णता. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिनचा धूर टर्बाइनमध्ये शिरताना साडेनऊशे ते हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर जगभर ट्यूनिंगवाले वापरतात, आणि त्याची धुराच्या तापमानाची सततची मर्यादा ९३० अंश आहे. टर्बाइनमधून जाताना धूर शंभरेक अंशांनी किंवा त्याहून जास्त थंड होतो, कारण त्याची ऊर्जा चाक फिरवण्यात खर्च होते. तेवढ्या फरकावर सेन्सर जगतो. शिवाय सेन्सरचं बाहेरचं षटकोनी अंग आणि मागे वायर निघते ती रबरी जागा, त्यांच्याही वेगळ्या मर्यादा आहेत. मॅनिफोल्डजवळ वायर आधी करपते, मग सेन्सर.

मग काही जण 'आधी' का म्हणतात? ते सगळेच वेडे नाहीत. टर्बोच्या आधी प्रत्येक सिलिंडरचा पाइप वेगळा असतो, त्यामुळे कोणता सिलिंडर पातळ चाललाय ते कळू शकतं. प्रतिसादही थोडा लवकर येतो. इंजिन बनवणाऱ्यांच्या टेस्ट बेंचवर अशी मापं घेतात, पण तिथे धुराचा दाब वेगळा मोजून आकडा दुरुस्त करतात आणि सेन्सर हा संपणारा माल आहे असं धरून चालतात. आपल्या गॅरेजात यातलं काहीच होत नाही. उलट टर्बाइनचा एक फायदा आहे. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारू शकतं, त्यामुळे तिन्ही-चारी सिलिंडरांचा धूर मस्त घुसळून निघतो. नंतर बसवलेल्या सेन्सरला सगळ्यांची सरासरी मिळते, ताक घुसळून झाल्यावर चव घेतल्यासारखी.

ठीक, टर्बोच्या नंतर. पण किती नंतर? टर्बोला चिकटून नको. तिथे वेस्टगेटचं झाकण असतं. ते उघडलं की धुराचा एक भाग टर्बाइनला बगल देऊन येतो, आणि दोन्ही प्रवाह पूर्ण मिसळलेले नसतात. मोकळा डाउनपाइप असेल तर टर्बोपासून दीड ते तीन फूट अंतर धरतात. फार मागे नेऊन सायलेन्सरजवळ लावला तर धूर थंड, आकडा उशिरा येतो आणि शेपटाकडून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. आणि सेन्सरच्या आधी पाइपला कुठेही लीकेज नको. हे लोकांना पटत नाही. ते म्हणतात, धूर बाहेर जाईल ना, हवा आत कशी येईल? पण धूर सलग वाहत नाही, ठोके देत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब क्षणभर उतरतो आणि फटीतून हवा आत शोषली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, इंजिन विनाकारण पेट्रोल ओतत राहतं.

आता कोन. हा मुद्दा आपल्या भागासाठी खास. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्यात हवा, घड्याळात १० पासून २ पर्यंत जी जागा येते तिथे, आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश उचललेला, टोक खाली. कारण पाणी. थंड इंजिन सुरू केलं की धुरातली वाफ पाइपच्या आत दवासारखी जमते. डिसेंबरच्या सकाळी आपल्या जंगलपट्टीत सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना तुम्ही पाहिलंच असेल. सेन्सरच्या आत हीटर असतो, तो सिरॅमिक पावणेआठशे-आठशे अंशांपर्यंत तापवतो. त्यावर पाण्याचा थेंब गेला की काय होतं? घरी कंदील वापरलेल्यांना विचारा, तापलेल्या काचेवर थेंब उडाला की तडकते. तसंच. पाइपच्या पोटाला, खालून लावलेला सेन्सर पहिल्याच हिवाळ्यात जाऊ शकतो.

इथपर्यंत आपण मोकळ्या डाउनपाइपचं बोललो. पण भाऊ, तुझ्या गाडीचं काय? आपल्याकडच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या पाहा, त्यातल्या कितीतरी महाराष्ट्रातच बनतात. नेक्सॉन रांजणगावला. एक्सयूव्ही ३०० नाशिकला बनायची, २०२४ पर्यंत. कुशाक, टायगून आणि त्याआधीची पोलो चाकणला. यातलं १.० लिटरचं टीएसआय इंजिन घ्या. त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नाहीच, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि टर्बो थेट हेडला बोल्टने लावलेला आहे. म्हणजे 'टर्बोच्या आधी' अशी जागाच कंपनीने शिल्लक ठेवलेली नाही. आधी की नंतर हा वाद तिथे हेड ओतताना संपला. आणि टर्बोच्या लगेच नंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कारण थंड इंजिनवर तो लवकर तापला तरच बीएस ६ ची चाचणी पास होते. टर्बो आणि कन्व्हर्टर यांच्या मधल्या वीतभर जागेत कंपनीचा पहिला सेन्सर. कन्व्हर्टरच्या नंतर दुसरा, तो मिश्रण ठरवायला नाही, मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर नजर ठेवायला.

मग ट्यूनरने तिसरा बंग कुठे लावायचा? कन्व्हर्टरच्या नंतर लावला तर आकडा धुवून आलेला. कन्व्हर्टर उरलेला ऑक्सिजन आणि न जळालेलं पेट्रोल आपसात जाळतो, काही ऑक्सिजन साठवूनही ठेवतो, त्यामुळे दिसणारा आकडा गुळगुळीत आणि उशिराचा. आणि मग पुढची पायरी येते, "कन्व्हर्टरच काढून टाकू ना!" इथे मी स्पष्ट नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात अडचण येते, आणि तो धूर शेवटी आपल्याच गावातल्या पोरांच्या नाकात जातो.

माझं उत्तर म्हणून वेगळं आहे. भोक पाडू नकोस. जो सेन्सर आहे तो वाच. आणि त्यासाठी लागतो तो मोबाइल तुझ्या हातात आहे. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा सॉकेट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन मिळतो, ईएलएम ३२७ नावाने शोध. टॉर्कसारखं एखादं ॲप टाक. यादीत 'बँक १ सेन्सर १' आणि 'बँक १ सेन्सर २' दिसतील. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. सेन्सर १ जर लॅम्डाचा किंवा इक्विव्हॅलन्स रेशोचा आकडा देत असेल तर तुझ्याकडे कंपनीचा वाइडबँड आहे. नुसतेच व्होल्ट ०.१ आणि ०.९ च्या मध्ये नाचत असतील तर तो नॅरोबँड. वाइडबँड असेल तर कॉम्प्युटरने मागितलेला रेशो आणि सेन्सरने मोजलेला रेशो हे दोन्ही स्क्रीनवर शेजारी ठेव, मित्राला बाजूला बसव आणि रेकॉर्डिंग कर. गाडी चालवता चालवता स्क्रीन पाहायची नाही, आपल्या रस्त्यावर बैल कधी आडवा येईल सांगता येत नाही. दोन्ही रेषा बरोबरीने चालल्या तर तब्येत ठीक. टर्बो भरल्यावर मोजलेला लॅम्डा मागितलेल्यापेक्षा वर राहत असेल, म्हणजे पातळ, तर रिमॅप विसर. आधी फ्युएल पंप, फिल्टर, इंजेक्टर पाहा.

आणि जो ट्यूनर हे रेकॉर्डिंग न मागता, न पाहता फाइल टाकायला तयार होतो, त्याला पैसे देऊ नकोस. हे माझं मत आहे, पण पक्कं आहे.

एक छोटा गोंधळ आत्ताच मिटवतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्याला पूर्ण जळायला कमी हवा लागते, १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास. पण सेन्सर लॅम्डा मोजतो, त्याला इंधनाचं नाव माहीत नसतं. बहुतेक मीटर त्या लॅम्डाला सरळ १४.७ ने गुणून दाखवतात. म्हणून ई २० वर मीटर १४.७ दाखवत असेल तर घाबरू नका, ते लॅम्डा १ च आहे. आकडे लॅम्डातच वाचायची सवय लावा.

डिझेलवाले म्हणतील आमचं काय? खरं तर आपल्या तालुक्यात टर्बो म्हटलं की डिझेलच. बोलेरो, पिकअप, मेंढा-लेखाकडून बांबू नेणारे ट्रक. डिझेल इंजिन जवळजवळ कायम पातळ मिश्रणावर चालतं, त्यामुळे तिथे लॅम्डा १ चा खेळ नाही. तरी बीएस ६ डिझेल गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तोही टर्बोच्या नंतर. युरिया टाकावा लागणाऱ्या ट्रकांमध्ये नॉक्स सेन्सर असतात, ते याचेच चुलत भाऊ, त्याच झिर्कोनियाचे. डिझेलमध्ये शत्रू म्हणजे काजळी.

आता पोरांसाठी. मोटारसायकलला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावताना त्या पाइपला सेन्सरची जागा नसते, मग सेन्सर काढून तारेने फ्रेमला बांधून ठेवतात. मी पाहिलंय. मोकळ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन. सेन्सर सांगतो, मिश्रण फारच पातळ आहे! कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत जातो, शेवटी हात टेकतो आणि दिवा लावतो. मायलेज का पडलं ते मग मला विचारतात.

सेन्सर कुठेही असो, त्याला मारणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मिस्त्री गॅस्केटला साधं सिलिकॉन थापतो, त्याची वाफ सेन्सरवर काचेसारखा थर बसवते. सेन्सरला चालणारं सिलिकॉन वेगळं मिळतं, डब्यावर लिहिलेलं असतं. जुन्या टर्बोचं सील गेलं असेल तर ऑइल धुरात येतं आणि टर्बोच्या नंतरचा सेन्सर ते सगळं खातो. म्हणून सेन्सर लागोपाठ दोनदा गेला तर तिसरा घ्यायच्या आधी टर्बो तपासा. निळसर धूर आणि घटणारी ऑइल लेव्हल ही त्याची खूण. वायर तुटली तर सोल्डर करू नका, क्रिम्प करा. बऱ्याच साध्या सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचं नाही, तेही त्याच कारणाने. वाइडबँड लावलाच असेल तर त्याचा कंट्रोलर चालू ठेवा. हीटर बंद असलेला सेन्सर धुरात तसाच ठेवला की काजळी धरतो.

दिवा लागला तर कोड वाचा, अंदाज नको. पी०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरचा हीटर, पी०१४१ म्हणजे दुसऱ्याचा. इथे आधी फ्यूज आणि वायर पाहा, त्या उंदीरही कुरतडतात. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ दिसतंय, इथे सेन्सर बहुधा निर्दोष असतो, कुठेतरी हवा गळतेय. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर कमजोर दिसतोय, आणि हाच कोड आला की लोक सगळ्यात आधी दुसरा सेन्सर बदलतात. तो फक्त निरोप्या आहे. गडचिरोली पस्तीसेक किलोमीटर, नागपूर त्याच्या कितीतरी पुढे. चुकीचा पार्ट मागवून दोन चकरा मारण्यापेक्षा कोडचा स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर आधी विचारा.

मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तू सेन्सर १ चं रेकॉर्डिंग पाठव. तिसऱ्या गिअरमध्ये, रिकामा सरळ रस्ता, दोन हजार आरपीएमपासून पुढे, पाच-सहा सेकंद पुरेत. पुढच्या भागात ते सगळ्यांसोबत वाचू.